लाभाचा फेरा

दुपारचे दोन वाजले की आमचे दिवे मरायला लागत. सकाळी दहाला पंचवीस दिवे टेबलावर ओळीनं मांडायचे, बटणं दाबायची, सगळे लख्ख. बाराला लख्ख. आम्ही डबे धुऊन परत येईस्तोवर एखादा गेलेला असायचा, आणि चार वाजता पाहावं तर पंचवीसातले नऊ-दहा काळे पडलेले. उघडलं की प्रत्येकात तेच. ट्रान्झिस्टर मेलेला, आणि इतका गरम की बोट लावलं तर फोड यावा.

तो सोमवार होता. गुरुवारी इन्स्पेक्शन होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सौंसरजवळ बोरगावला तेव्हा नवे नवे कारखाने उभे होऊन राहिले होते. त्यातल्याच एका टिनाच्या शेडमध्ये मी डिझाइन इंजिनिअर होतो. इंजिनिअर म्हणजे डिप्लोमावाला, पण अख्ख्या शेडमध्ये कॅल्क्युलेटर माझ्याच खिशात असायचा म्हणून बाया मला साहेब म्हणत. राहायला पांढुर्ण्याला, रोज बसनं जाणं-येणं. मालक पाठकसाहेब नागपूरचे. माणूस वाईट नव्हता, फक्त घाई त्याच्या अंगात जन्मापासून होती.

आरोग्य खात्याची तीनशे इमर्जन्सी दिव्यांची ऑर्डर आम्हाला मिळाली होती. खेड्यातल्या दवाखान्यांत लाईट गेली की बाळंतपण कंदिलावर व्हायचं, तिथं हे दिवे जाणार होते. खात्याचा माणूस येऊन तीनशेतले कुठलेही पंचवीस उचलणार, चार तास सलग चालवणार, आणि एकही विझला तर पूर्ण माल परत. अट साधी होती. आमच्याकडून रोज दहा विझत होते.

सोमवारी चार वाजता पाठकसाहेब त्या काळ्या पडलेल्या दिव्यांसमोर उभे राहिले.

"डोंगरे, हे काय करून राहिले तुम्ही?"

"सर, पाहून राहिलो."

"पाहून राहिलो नको. गुरुवारी नापास झालो तर मी वाइंडिंगचं काम नागपूरला देऊन टाकतो. तिथं मशीनवर फेरे मोजायचं काउंटर आहे. मग इथल्या बारा बायांना ठेवून मी करू काय?"

हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं नाही. वाइंडिंगचं टेबल चार हातांवर होतं. बायांची मान वर झाली नाही, पण सगळ्यांचे हात थांबले ते मला दिसलं.

आता दिव्याच्या आत काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आत बारा व्होल्टची बॅटरी आणि समोर दोन फुटी ट्यूब. बारा व्होल्टवर ट्यूब पेटत नाही, तिला पुष्कळ जास्त व्होल्ट लागतात. मधलं काम करतो चोक. पुस्तकात त्याला इंडक्टर म्हणतात. काळ्या फेराइटचा कोअर आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, एवढाच त्याचा संसार. आजकालच्या एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमध्येही हाच असतो, आता हरभऱ्याएवढा झाला आहे. तेव्हा आमचा पेरूएवढा होता.

चोक म्हणजे विहिरीवरचा डोल समजा. ट्रान्झिस्टर चालू झाला की डोल भरतो, बंद झाला की ट्यूबमध्ये रिकामा होतो. सेकंदाला वीस हजार वेळा. डोल केवढा घ्यायचा हे ठरवणं माझं काम. लहान घेतला तर तो वेळेआधी भरतो. विहिरीवर डोल भरला तर पाणी सांडतं आणि पाय ओले होतात. इथं कोअर भरला की करंट एकदम उसळतो आणि ट्रान्झिस्टर जळून जातो. ह्याला सॅच्युरेशन म्हणतात. आमच्या शेडमध्ये नुसतं "भरला" म्हणत.

कोअर भरू नये म्हणून त्याच्या दोन तुकड्यांमध्ये फट ठेवतात. नवीन माणसाला वाटतं, फट म्हणजे कच्चं काम. उलटं आहे. डोलातली खरी जागा त्या फटीतच असते. आम्ही फट कागदानं ठेवायचो. पातळ इन्सुलेशन पेपरचे सहा तुकडे एकावर एक, दोन्ही तुकड्यांच्या मध्ये, वरून पट्टीनं आवळलेले. माझं डिझाइन होतं सहा कागद आणि तारेचे बारा फेरे. बारा म्हणजे फारच थोडे, म्हणून ते फेरे बाया हातानंच घालायच्या.

सोमवारी संध्याकाळपर्यंत मी सगळे ओळखीचे चोर तपासले. ट्रान्झिस्टर नकली असतील म्हणून दुसऱ्या डब्यातले लावले, तेही गेले. बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, बरोबर. कागद मायक्रोमीटरनं मोजले, सहाच्या सहा, जाडी तीच. सोल्डरिंग बघितलं. काही सापडलं नाही. मी स्वतः बांधलेला सॅम्पल दिवा मात्र पंधरा दिवसांपासून रोज चालत होता, आणि त्याचा मला भारी राग येऊन राहिला होता.

मंगळवारी मी शेडमधला एकुलता एक ऑसिलोस्कोप घेऊन बसलो. करंट कसा चढतो हे त्याच्या पडद्यावर रेघेनं दिसतं. चांगल्या चोकची रेघ चढणीच्या रस्त्यासारखी सरळ जाते आणि टोकाशी थांबते. सकाळी पंचवीसही दिव्यांची रेघ सरळ. मी तिथून हललो नाही. अकरा वाजता टिन तापायला लागलं. साडेबाराला काही रेघांचं टोक जरासं वर वळलं. दोन वाजता त्या टोकांनी विंचवासारखी नांगी उभारली, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक दिवा गेला.

म्हणजे कोअर भरून राहिले होते, आणि तेही तापल्यावर. पण सगळेच नाही. मग ह्या दहात आणि त्या पंधरात फरक काय?

मेलेल्या दिव्यांचे चोक काढून एका बाजूला ठेवले, जिवंतांचे दुसऱ्या बाजूला. बराच वेळ नुसता पाहत बसलो. मग दिसलं. तार सुटू नये म्हणून बाया शेवटी दोऱ्यानं बांधतात. जिवंत चोकांवर दोऱ्याला एक गाठ होती. मेलेल्या प्रत्येकावर दोन.

ह्या दिव्यांच्या मोठ्या चोकवर दोघीच बसायच्या, बाकीच्या लहान कॉइल गुंडाळायच्या. कमल, सौंसरची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली, बडबडी. आणि सिंधूबाई, बोरगावच्याच, वयानं माझ्या आईहून थोडी लहान, घरची चार एकर शेती, बोलणं मोजकं. सिंधूबाईचा हात सगळ्यांत घट्ट. तार तिनं गुंडाळली की जागची हलायची नाही. दोन गाठी मारायची सवय तिचीच.

मी मेलेला एक चोक घेतला आणि तार उलगडत मोजली. तेरा. दुसरा घेतला. तेरा. तिसरा, तेरा. कमलचा घेतला, बारा.

मला तेव्हा थांबायला पाहिजे होतं, पाणी प्यायला पाहिजे होतं. पण दोन दिवसांचा ताण डोक्यात होता. मी ते तारेचं भेंडोळं घेऊन सरळ टेबलापाशी गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो, "सिंधूबाई, तुम्हाला बारा मोजता येत नाहीत का?"

सिंधूबाईनं हातातला तार गुंडाळायचा बॉबिन खाली ठेवला.

"मले बारा येते मोजता. शंभर बी येते."

"मग हे तेरा कसे?"

"बाराच हायेत."

"मी मोजले. तेरा आहेत. हे बघा."

तिनं बघितलं नाही. पाठकसाहेब केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या हातातली तार बघितली, आणि त्यांना त्यांचं उत्तर मिळालं.

"झालं तर. उद्यापासून ह्या बाईला नका ठेवू कामावर. गुरुवारी विचारलं तर सांगता येईल, लेबरची चूक होती, काढून टाकलं."

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. दोन दिवस ज्याला शोधत होतो तो दोष सापडला, आणि तो माझा नव्हता. पण एक गोष्ट टोचत होती. चूक म्हटली की ती कधी कमी होते, कधी जास्त होते. अकरा, बारा, चौदा, काहीही. इथं दरवेळी तेराच होते. चुकणारा माणूस इतका नेमानं चुकत नाही.

म्हणून मी म्हटलं, "सिंधूबाई, माझ्यासमोर एक गुंडाळून दाखवा. मोठ्यानं मोजा."

"कायले? तुमचं तर ठरलं."

"दाखवा ना."

तिनं बॉबिन उचलला, तार अडकवली, पहिला फेरा आवळला आणि म्हणाली, "लाभ." मग दुसरा. "एक." तिसरा. "दोन." असं करत बारापर्यंत गेली, दोरा बांधला, दोन गाठी मारल्या आणि चोक माझ्यासमोर सरकवला.

"हे घ्या बारा."

"आणि तो पहिला? लाभ म्हटला तो?"

"लाभ तो लाभ. तो कायले मोजाचा?"

मी कमलकडे वळलो. "तू गुंडाळ बरं."

कमलनं पहिला फेरा घातला. "लाभ." दुसरा. "दोन." तिसरा. "तीन."

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. दोन महिन्यांपासून एकाच टेबलावर बसून दोघी दिवसभर लाभ, लाभ करत होत्या, आणि दोघींचे लाभ वेगळे होते.

"अवं मावशी," कमल म्हणाली, "लाभ म्हंजेच एक नं. खळ्यावर पहिली पायली टाकताना एक नाई म्हनत, लाभ म्हनतेत. एक म्हटलं तर बरकत राह्यत नाई. मग दुसरीले दोन."

"तुह्याकडे असन," सिंधूबाई म्हणाली. "आमच्या माहेरी लाभाची पायली येगळी. ते देवाच्या नावानं बाजूले काढाची, खळ्यावर जे कोनी आलं असन त्याच्या पदरात टाकाची. मग आपली एक, दोन, तीन. पहिलंच माप आपल्याच पोत्यात टाकाचं, असं कोनी करते का?"

मी दिवसभर त्या टेबलाच्या शेजारी बसायचो. "लाभ" हा शब्द हजार वेळा कानावरून गेला असेल. मला वाटायचं, काहीतरी देवाचं म्हणून राहिल्या. आमच्या घरी शेती नव्हती. वडील नगरपालिकेत नोकरीला, ज्वारी पिशवीतून यायची. खळंच नाही तर लाभ कुठला माहीत असणार?

मी पाठकसाहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले सुद्धा. मग म्हणाले, "कारण काही असो डोंगरे, ड्रॉइंगवर बारा आहे आणि तिनं तेरा घातले. खात्याच्या माणसाला मी खळं आणि पायली सांगू का? माझा निर्णय बदलत नाही." सिंधूबाईनं हे ऐकलं. तिनं तिचा डबा पिशवीत टाकला आणि सुट्टी व्हायच्या आत निघून गेली. मीही वही उचलली आणि बस गाठली.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. वही उघडली, कारण अजून एक हिशेब जुळत नव्हता. बाराचे तेरा फेरे झाले तर कोअरवरचा भार किती वाढतो? आठ टक्के. फक्त आठ. आठ टक्क्यांत कोअर भरत असेल तर माझ्या डिझाइनमध्ये जागा ठेवली होती किती? चांगल्या डिझाइनमध्ये वीस-पंचवीस टक्के तरी मोकळे पाहिजेत. मी ठेवले होते, मला पक्कं आठवत होतं. वहीतही होते. मोठ्या कोअरऐवजी लहान कोअर त्याच भरवशावर बसवला होता, आणि पाठकसाहेबांनी त्याबद्दल माझी पाठही थोपटली होती.

मग मी कोअरच्या माहितीपत्रकाची घडी उलगडली. फेराइट किती भार सोसतो त्याचे दोन आकडे असतात. एक पंचवीस डिग्रीचा, एक शंभर डिग्रीचा. तापलं की फेराइट लवकर भरतो, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. मी वहीत उतरवला होता तो आकडा पंचवीस डिग्रीचा होता.

एप्रिलमध्ये, बोरगावात, टिनाखाली, बंद डब्यात पंचवीस डिग्री.

गरम आकडा घालून पुन्हा हिशेब केला. माझी वीस-पंचवीस टक्के मोकळी जागा कुठच्या कुठे गेली. उरले जेमतेम पाच टक्के. म्हणजे कमलचे दिवे चालत होते ते नशिबानं. सिंधूबाईच्या त्या एका फेऱ्यानं फक्त माझी चूक उघडी पाडली होती. बस कुठं थांबली, कोण चढलं, काही समजलं नाही.

घरी आईला सांगितलं. तिला चोक-बिक काही समजलं नाही, पण लाभ समजला. चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "बाजूले काढलेली ते पायली कोनाच्या पदरात पडे, माईत हाय का तुले? आमच्याच. माही माय मले घेऊन खळ्यावर उभी राहे. बाबासाहेबांनं ते मांगनं सोडाले लावलं, चांगलं केलं. पन जे बाई येगळी काढे ना, तिचं मोजनं कधी खोटं नसे." मग मला विचारलं, "ते बाई आता घरी बसन का?"

मी म्हटलं, नाही बसणार.

बुधवारी पहिल्या बसनं बोरगावला उतरलो. पाठकसाहेब नुकतेच आले होते. मी वही आणि ते माहितीपत्रक त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, चूक माझी आहे."

त्यांनी दोन्ही आकडे पाहिले. त्यांचंही शिक्षण इंजिनिअरिंगचंच होतं, समजावून सांगावं लागलं नाही. मग वहीची पानं मागे उलटून पाहिली. मी मनातल्या मनात पांढुर्ण्यात दुसरी नोकरी कुठं मिळेल ते शोधायला लागलो होतो.

"हे कोणाकोणाला सांगितलं?"

"पहिले तुम्हालाच."

"उपाय आहे?"

उपाय होता. तोही बसमध्येच सापडला होता, आणि फार सोपा होता. एक कागद वाढवायचा. सहाच्या जागी सात. फट वाढली की डोलातली जागा वाढते. बारा फेऱ्यांचे चोक त्यानं बिनधास्त होतात, आणि तेरा फेऱ्यांच्या चोकचा भार माझ्या मूळ डिझाइनपेक्षाही खाली येतो. तेरा फेरे आणि सात कागद असं धरलं तर इंडक्टन्स, म्हणजे चोकचं माप, जवळजवळ तेवढंच राहतं जेवढं मला पहिल्यापासून पाहिजे होतं. एकही तार सोडायची गरज नाही. पट्टी ढिली करा, कागद घाला, पट्टी आवळा. पण तीनशे दिवे, आणि हातात एक दिवस.

"बारा बाया पाहिजेत," मी म्हटलं. "अकरा नाही."

पाठकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग इथं काय उभे आहात? जा, घेऊन या त्यांना."

सिंधूबाईचं घर शेडपासून दहा मिनिटांवर. ती अंगणात तुरी पाखडत होती. मी तिला सांगितलं, चूक माझी होती, तुमची नव्हती, मला माफ करा, कामावर चला. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काल कुठं बोलले होते?"

"शेडमध्ये."

"सगळ्याइच्या समोर बोलले होते नं? मंग तिथंच बोला."

आणि तिथंच बोललो. वाइंडिंगच्या टेबलाजवळ उभा राहून, अकरा बाया, पाठकसाहेब आणि पॅकिंगचे लोक ऐकत असताना म्हटलं की गरमीचा आकडा मी पाहिला नाही, दिवे त्यानं जळले, आणि सिंधूबाईला बोललो ते चुकलं. कान लाल झाले होते. कमल तोंडाला पदर लावून हसत होती.

सिंधूबाईनं तिचा बॉबिन ओढून घेतला. "ते जाऊ द्या आता. पन भाऊ, कागदावर लिहा. लाभ मोजाचा का नाई मोजाचा, ते लिहूनच नसन तर मानसानं काय कराव?"

तिचं बरोबर होतं. मी फळ्यावर खडूनं मोठं लिहिलं, "लाभ धरून १३. कागद ७." आणि ड्रॉइंगवरही तसंच लिहिलं, शाईनं.

त्या दिवशी शेडमध्ये कोणी जेवायला अर्ध्या तासाच्या वर बसलं नाही. चार बाया दिवे उघडायच्या, चार पट्ट्या सोडायच्या, चार कागद घालून आवळायच्या. मेलेल्यांचे ट्रान्झिस्टर मी बदलले. पाच वाजता तीनशेव्या दिव्याचं झाकण लागलं आणि सिंधूबाईनं खोका पुसून ठेवला. चार तास चालवून पाहायला मात्र वेळ उरला नव्हता. दुपारचं ऊन निघून गेलं होतं, आणि खरी परीक्षा त्या उन्हाचीच होती. म्हणजे आता जे होईल ते खात्याच्या माणसासमोरच होणार होतं.

गुरुवारी तो माणूस भोपाळहून आला. हिंदी बोलणारा, बारीक, कोरडा. चहा नको म्हणाला. स्वतः फिरून पंचवीस खोकी निवडली, अकरा वाजता सगळी बटणं स्वतः दाबली, खुर्ची टाकली, डोक्यावर ओला रुमाल घेतला आणि बसला.

बारा वाजले. एक वाजला. मी ऑसिलोस्कोप लावायचा नाही असं ठरवलं होतं, कारण नांगी दिसली असती तरी करण्यासारखं काही नव्हतं. बाया खाली मान घालून काम करत होत्या, पण कोणी मोजत नव्हतं, शेडमध्ये नुसत्या तारा वाजत होत्या. दोन वाजता पाठकसाहेब केबिनमधून बाहेर आले, दिव्यांकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेले. सव्वादोनला एका ट्यूबनं डोळा मिचकावला. तो माणूस उठला, ट्यूब सॉकेटमध्ये जराशी फिरवून बसवली, आणि ती पुन्हा स्थिर झाली. नुसता ढिला सॉकेट होता.

तीन वाजता पंचवीसच्या पंचवीस जळत होते. जळत म्हणजे पेटलेले. आमच्याकडे त्यालाही जळणंच म्हणतात, आणि त्या आठवड्यात हा शब्द मला पहिल्यांदा गोड लागला. त्यानं एक दिवा उघडला, ट्रान्झिस्टरला बोट लावलं, काढलं नाही, तसंच ठेवलं. मग म्हणाला, "ठीक है।" कागदांवर सह्या केल्या. मला रडू यायचं बाकी होतं, मी उगाच स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागलो.

जाता जाता त्याची नजर फळ्यावर गेली.

"ये लाभ क्या है?"

पाठकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सिंधूबाई टेबलावरूनच बोलली, "पहला फेरा है, साहब."

"तो गिनती में है कि नहीं?"

"अब है."

तो पहिल्यांदा हसला. मग त्यानं थंडा घेतला.

वाइंडिंग नागपूरला गेलं नाही. बारा बाया राहिल्या, पुढच्या वर्षी अठरा झाल्या. मी नंतर नोकरी बदलली, पुष्कळ चोक डिझाइन केले, पण नवा कोरा कागद घेतला की दोन ओळी आधी लिहायचो. हे किती तापणार, आणि हे मोजणार कोण, कसं. पुस्तकात पहिली ओळ आहे. दुसरी नाही.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. मी नंतर शांतपणे हिशेब करून पाहिला. तेरा फेरे आणि सात कागदांचा चोक माझ्या मूळ बारावाल्यापेक्षा सात टक्के जास्त सुरक्षित निघाला. हे मी पाठकसाहेबांना सांगितलं. सिंधूबाईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मंग? मी काय म्हनून राहिली होती? लाभ तो लाभ."